रस्ता-अपघातानंतरचे सहा महिने : नुकसानभरपाई, विमा आणि विधी साहाय्य

रस्ता हा विकासाचा वाहक होय, या विधानाची सत्यता चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांना विशेषत्वाने पटलेली आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा भामरागड, एटापल्ली व सिरोंचा या भागांतील अनेक गावांचा संपर्क पावसाळ्यात तुटत असे. त्यानंतरच्या चार दशकांत नद्यांवर पूल झाले, राष्ट्रीय महामार्ग आले आणि दुचाकी वाहन पाड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा व घुग्घुस परिसरात कोळसा आणि सिमेंट यांची अवजड वाहतूक अहोरात्र चालते. एटापल्ली तालुक्यातील सूरजागड येथील लोहखनिज वाहून नेणारी वाहने आलापल्ली-आष्टी मार्गावरून धावतात. याच रस्त्यांवरून शाळकरी मुले सायकलने जातात, तेंदूपत्त्याच्या हंगामात मजूर जातात आणि आठवडी बाजाराला माणसे पायी निघतात.

रस्त्याबरोबर अपघातही येतात. अपघात टाळण्याचे उपाय हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यापुढचा आहे. अपघातात घरातील कर्ता मनुष्य दगावला किंवा कायमचा जायबंदी झाला, तर त्याच्या कुटुंबास कायद्याने कोणते हक्क दिले आहेत, ते कोणत्या मार्गाने मिळवावयाचे आणि गावपातळीवरील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी त्यासाठी काय करणे आवश्यक आहे, याचे विवेचन येथे केले आहे. हे हक्क बहुधा कायद्याच्या अभावी बुडत नाहीत. ते कागदांच्या अभावी आणि मुदतीच्या अज्ञानामुळे बुडतात.

पूर्वपीठिका

मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तत्पूर्वी जखमी मनुष्यास दिवाणी न्यायालयात सर्वसाधारण दावा लावावा लागे. वाहनचालकाची चूक सिद्ध करण्याचा भार मात्र पुढेही दावेदारावरच राहिला. १९८२ च्या दुरुस्तीने प्रथमच 'दोष असो वा नसो' या तत्त्वावर मृत्यूसाठी १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली.

या तत्त्वाचा अर्थ विस्ताराने लावणारा एक महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातील अपघातातूनच निघाला. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा टँकर व ट्रक यांची धडक होऊन टँकर उलटला. काही तासांनी त्याचा स्फोट होऊन जवळ जमलेली माणसे भाजली व त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. टँकर त्या वेळी धावत नव्हता, म्हणून हा मृत्यू मोटार वाहनाच्या वापरातून घडला असे म्हणता येत नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो अमान्य केला. अपघाताने निकामी होऊन पडलेले वाहन हेदेखील 'वापरातील' वाहन होय, असा या निर्णयाचा आशय आहे.

ही बाब आपल्या भागास परकी नाही. १९ मे २०२२ च्या रात्री चंद्रपूर-मूल मार्गावर अजयपूरनजीक डिझेलचा टँकर व लाकूड वाहून नेणारा ट्रक यांची धडक होऊन आग भडकली. तीत नऊजण होरपळून मृत्युमुखी पडले. लाकडाच्या ट्रकवरील मजूरही त्यांत होते. अशा प्रसंगी मजुराच्या कुटुंबास दोन्ही वाहनांचे मालक व त्यांच्या विमा कंपन्या यांना प्रतिवादी करून दावा मांडता येतो. मजूर ज्या वाहनावर कामास होता त्याच्या मालकाविरुद्ध कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचा मार्गही खुला असतो. मात्र मोटार वाहन कायदा आणि कामगार नुकसानभरपाईचा कायदा यांपैकी एकाच मार्गाची निवड करावी लागते.

१९३९ च्या अधिनियमाची जागा मोटार वाहन अधिनियम, १९८८ ने १ जुलै १९८९ पासून घेतली. त्यात २०१९ साली झालेल्या व्यापक दुरुस्तीपैकी विमा व नुकसानभरपाईविषयक कलमे १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. म्हणून जुन्या अनुभवावर विसंबून सल्ला देणाऱ्यांनी नव्या तरतुदी समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले काही तास

जखमीस रुग्णालयात नेणाऱ्या वाटसरूस पोलिसांची व न्यायालयाची भीती वाटते. ही भीती आता निराधार आहे. कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीवर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही व तिला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ग्रामसभेत ही माहिती आवर्जून सांगितली गेली पाहिजे.

उपचाराच्या खर्चासाठी केंद्र शासनाने ५ मे २०२५ रोजी रस्ता-अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचार योजना अधिसूचित केली. तीनुसार नामनिर्देशित रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रति व्यक्ती दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. जखमी कोण, त्याचे उत्पन्न किती, दोष कोणाचा, हे प्रश्न येथे गैरलागू आहेत. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

आपल्या भागातील अडचण अंतराची आहे. भामरागड वा सिरोंचा तालुक्यातील जखमी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून अहेरीस, पुढे गडचिरोली वा चंद्रपूर येथे आणि प्रकृती गंभीर असल्यास नागपूरला पाठविला जातो. चार रुग्णालयांत चार वेगवेगळे कागद तयार होतात आणि घरी परत येईपर्यंत त्यांतील निम्मे हरवतात. प्रत्येक ठिकाणची संदर्भ चिठ्ठी, क्ष-किरण पट्टी, औषधांची पावती व रुग्णवाहिकेच्या खर्चाची पावती एका पिशवीत राखून ठेवणे ही सामान्य वाटणारी गोष्ट पुढे लाखो रुपयांची ठरते.

नोंद : दाव्याचा पाया

दोन नोंदींवर संपूर्ण दावा उभा राहतो. पहिली रुग्णालयातील. दाखल करताना जखमीबरोबर आलेला मनुष्य पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून 'घसरून पडला' अथवा 'झाडावरून पडला' असे सांगतो. नंतर तेच शब्द विमा कंपनीचे वकील न्यायाधिकरणापुढे ठेवतात. रस्ता-अपघात असेल तर तसेच सांगावे आणि वाहनाचा प्रकार व ठाऊक असल्यास क्रमांकही नोंदवून घ्यावा.

दुसरी नोंद पोलीस ठाण्यातील. प्रथम खबर विनाविलंब द्यावी व तिची प्रत घ्यावी. ती खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. घटनास्थळ पंचनामा, वाहनाची तपासणी, चालकाची अनुज्ञप्ती, वाहनाची नोंदणी व विमापत्र यांच्या प्रती तपासाच्या कागदांत येतात. मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन होणे अत्यावश्यक आहे. दुर्गम गावांत शव लवकर ताब्यात मिळावे म्हणून ते टाळण्याकडे कल असतो. परंतु मृत्यूचे कारण सिद्ध करणारा दुसरा तोडीचा पुरावा नसतो.

नव्या तरतुदींनी पोलिसांवरही निश्चित कर्तव्ये सोपविली आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत प्राथमिक अपघात अहवाल द्यावयाचा असतो. अपघातग्रस्तास त्याच्या हक्कांची माहिती देणारा विहित नमुना पुरविणे हेही त्याचे कर्तव्य आहे. ९० दिवसांच्या आत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे सादर करावयाचा असतो व हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून स्वीकारता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या निर्णयात या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले. हे अहवाल गेले किंवा नाही, याची लेखी विचारणा पोलीस ठाण्याकडे करण्याचा कुटुंबास पूर्ण अधिकार आहे.

दाव्यात चालकाची चूक फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करावी लागत नाही. तशी शक्यता अधिक आहे एवढे दिसले तरी पुरते. म्हणून फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला एवढ्यावरून भरपाईचा दावा फेटाळला जात नाही.

विमा कोणास संरक्षण देतो

सार्वजनिक ठिकाणी धावणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा किमान तृतीय पक्ष विमा असणे कायद्याने सक्तीचे आहे. मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि वाहनामुळे ज्यास इजा झाली तो बाहेरचा मनुष्य तिसरा. पादचारी, सायकलस्वार व दुसऱ्या वाहनातील माणसे या तिसऱ्या पक्षात मोडतात. राज्य परिवहनाच्या बसमुळे अपघात झाला असल्यास दावा महामंडळाविरुद्ध करावयाचा असतो. विमा कंपनी नाही म्हणून हक्क जात नाही.

जो स्वतःची दुचाकी चालविताना रस्त्यावर आलेल्या रानडुकराला धडकून वा वळणावर घसरून पडला, तो तिसरा पक्ष नव्हे. त्याच्यासाठी मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्यास चालकाची वैध अनुज्ञप्ती आवश्यक आहे. भावाची वा मित्राची दुचाकी उसनी घेऊन चालविणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने मालकाच्या जागी उभा राहतो, असे न्यायालयांनी मानले आहे; स्वतःच्या चुकीने तो जखमी झाल्यास तृतीय पक्ष म्हणून त्याला त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. दुचाकीवर मागे बसणारा केवळ किमान सक्तीच्या विम्यात येत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमापत्र किंवा जादा हप्ता लागतो.

चालकाकडे अनुज्ञप्ती नव्हती किंवा वाहनास परवाना नव्हता, या कारणाने विमा कंपनी जबाबदारी नाकारते. अशा वेळी कंपनीने प्रथम अपघातग्रस्तास रक्कम द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देत आली आहेत. म्हणून कंपनीने नकारपत्र पाठविले म्हणजे सर्व संपले, असे समजू नये.

मालवाहू वाहनातील प्रवास

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. लग्नाची वरात, तेंदूपत्ता संकलन, धानाची रोवणी आणि मिरची तोडण्यासाठी तेलंगणात होणारे स्थलांतर या सर्व प्रसंगी माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अथवा छोट्या मालवाहू गाड्यांतून नेली जातात. मालवाहू वाहनात फुकट वा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी त्या वाहनाच्या विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी आणि त्या वाहनावरील कामगार यांना मात्र संरक्षण आहे.

परिणामी ट्रॉली उलटून वीस माणसे जखमी झाली, तर भरपाईचा हुकूम बहुधा केवळ ट्रॅक्टरमालकाविरुद्ध होतो. आणि तो मालक हा दोन-चार एकर धानाचा शेतकरी असेल तर हुकूम कागदावरच राहतो. काही प्रकरणांत न्यायालयांनी 'प्रथम द्या, मग वसूल करा' हा आदेश अशा प्रवाशांच्या बाबतीतही दिला आहे. परंतु त्यावर भरवसा ठेवून प्रवास करणे शहाणपणाचे नाही. धडक देणाऱ्या दुसऱ्या वाहनाची चूक असल्यास त्या वाहनाच्या दृष्टीने ट्रॉलीतील माणसे तृतीय पक्षच असतात, हेही ध्यानात असावे. म्हणून दाव्यात दुसऱ्या वाहनास वगळू नये. ट्रॉलीतील प्रत्येकजण तेथे कोणत्या नात्याने बसला होता, मजूर म्हणून, मालाबरोबर की केवळ प्रवासी म्हणून, ही गोष्ट पहिल्या जबाबातच सत्यतेने नमूद व्हावी.

भरपाई कशी ठरते

भरपाईची रक्कम न्यायाधीशांच्या मर्जीवर ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील सरला वर्मा आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजीच्या प्रणय सेठी या निर्णयांनी तिचे गणित निश्चित केले आहे. उदाहरणार्थ, ३५ वर्षे वयाचा, दरमहा १२,००० रुपये मिळविणारा मजूर अपघातात दगावला आणि पाठीमागे पत्नी, दोन मुले व वृद्ध आई असा परिवार आहे, असे मानू. वय चाळिशीच्या आत असल्याने भावी वाढीसाठी उत्पन्नात ४० टक्के मिळवावयाचे, म्हणजे १६,८०० रुपये. चार माणसे अवलंबून असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केल्यास १२,६०० रुपये उरतात. वर्षाचे १,५१,२०० रुपये झाले. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६ आहे. त्याने गुणिल्यास २४,१९,२०० रुपये होतात. याखेरीज सहवासाच्या हानीसाठी ४०,००० रुपये, मालमत्तेच्या हानीसाठी १५,००० रुपये व अंत्यविधीसाठी १५,००० रुपये हे २०१७ चे आकडे असून त्यांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ करावयाची आहे. दाव्याच्या रकमेवर व्याजही मिळते.

जखमीच्या बाबतीत स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही. येथे महत्त्व आहे ते अपंगत्वामुळे कमाईची क्षमता किती घटली, यास. हात गमावलेला सुतार वा वाहनचालक आणि हात गमावलेला कारकून यांची हानी सारखी नसते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये विशद केले. २८ वर्षे वयाच्या, दरमहा १०,००० रुपये मिळविणाऱ्या मजुराची कमाईची क्षमता ६० टक्के घटली असे ठरल्यास, वाढीसह मासिक १४,००० रुपये, वार्षिक १,६८,००० रुपये, गुणक १७ व त्याचे ६० टक्के या हिशेबाने केवळ कमाईच्या हानीपोटी १७,१३,६०० रुपये होतात. उपचार, प्रवास, शुश्रूषा, वेदना व पुढील उपचार यांच्या रकमा वेगळ्या. म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांकडील वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र घेताना, जखमी पूर्वी कोणते काम करीत असे आणि आता काय करू शकत नाही, हे न्यायाधिकरणापुढे स्वतंत्रपणे मांडले गेले पाहिजे.

गृहिणीचे श्रम हे उत्पन्नच होत, त्यांचे मूल्य धरले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी दिला. 'ती घरीच होती' या शब्दांनी स्त्रीचा दावा संपत नाही.

उत्पन्नाचा पुरावा हा मजुरांच्या दाव्यातील दुबळा भाग असतो. या बाबतीत आपल्या भागास एक विशेष अनुकूलता आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपत्ता यांची विक्री स्वतः करू लागल्या. मजुरी वाटपाची ग्रामसभेची नोंदवही, तेंदू संकलनाचे कार्ड, रोजगार हमीचे कार्ड, धान खरेदीची पावती आणि बँकेचे पासबुक हे सर्व पुरावे आहेत. त्यांच्या साक्षांकित प्रती तत्परतेने देणे हे ग्रामसभेचे व पंचायतीचे काम आहे.

घाईने स्वीकारलेली रक्कम

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४ अन्वये दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देण्याची तरतूद केली. कलम १४९ अन्वये विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावयाचा असतो. ही सोय उपकारक आहे. परंतु तिच्यातील एक अट प्रत्येकाने समजून घ्यावी. या पद्धतीने कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. वरील उदाहरणातील कुटुंबाने ५ लाखांवर अंगठा उमटविल्यास २४ लाखांचा दावा मागे राहतो. उलट, चूक मृताचीच होती व तसा स्पष्ट पुरावा आहे, अशा प्रकरणी ५ लाख स्वीकारणेच हिताचे ठरेल. निर्णय कोणताही असो, तो वरील पद्धतीने हिशेब मांडून व विधी सल्ला घेऊन करावा.

गावातील 'आपसातील समझोता' याहून घातक. वाहनमालक वीस-पंचवीस हजार रुपये देतो, मुद्रांक पत्रावर सह्या घेतो आणि खबर दिली जात नाही. असे लिखाण पुढे दाव्याच्या वाटेत अडथळा होऊन बसते आणि दरम्यान मुदत सरते. पोलीस पाटील व सरपंच यांनी अशा लिखाणास साक्षीदार होऊ नये.

वाहन पळून गेल्यास

धडक देऊन वाहन पळाले व त्याचा शोध लागला नाही, तरीही कुटुंब निराधार राहत नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार अशा प्रकरणी मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. अपघात जेथे घडला तेथील उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे विहित नमुन्यात अर्ज करावा. ते चौकशी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवितात व मंजुरीनंतर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. पुढे वाहन सापडून दाव्यात भरपाई मिळाल्यास ही रक्कम तीतून वळती होते. जंगलातील निर्मनुष्य रस्त्यांवर असे अपघात घडतात. तथापि या योजनेची माहिती फार थोड्यांना असते. १२ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती अपघातग्रस्तांना देण्याचे आदेश पोलिसांना दिले.

दावा कोठे व केव्हा

अपघात जेथे घडला, दावेदार जेथे राहतो किंवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. तेलंगणात मिरची तोडणीस गेलेला सिरोंचा तालुक्यातील मजूर तेथे जखमी झाला, तरी तो गडचिरोली येथे दावा करू शकतो. मात्र तेथील पोलिसांचे तेलुगू कागद परत येण्यापूर्वीच मिळवून त्यांचे भाषांतर करून घ्यावे.

मुदतीचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. १९९४ पासून दाव्यास कालमर्यादा नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मर्यादा पुन्हा लागू झाली. या तरतुदीच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ या मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश ७ नोव्हेंबर २०२५ रोजी देण्यात आला. अंतरिम आदेश हा अंतिम निर्णय नव्हे. ज्यांची मुदत टळून गेली आहे त्यांनी त्याचा आधार घ्यावा. इतरांनी सहा महिन्यांच्या आतच अर्ज करावा.

न्यायाधिकरणाचा निकाल मान्य नसल्यास ९० दिवसांच्या आत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अपील करता येते. वादाची रक्कम एक लाखाहून कमी असल्यास अपील नाही.

विधी साहाय्य : दया नव्हे, हक्क

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला व दुर्बलांना मोफत विधी साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ अन्वये स्त्रिया, बालके, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. न्यायालयीन शुल्काचा भारही प्राधिकरण उचलते. इतरांसाठी शासनाने ठरविलेली उत्पन्नमर्यादा आहे. म्हणजे माडिया वा गोंड कुटुंब, विधवा पत्नी, अज्ञान मुले आणि अपघातात दिव्यांग झालेला मनुष्य हे सारे या कलमात बसतात. आपल्या भागातील बहुसंख्य अपघातग्रस्तांना हा हक्क आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

अर्ज चंद्रपूर व गडचिरोली येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अथवा तालुका विधी सेवा समितीकडे करावा. तो साध्या कागदावरही चालतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही माहिती मिळते.

हे माहीत नसल्याने रुग्णालयाच्या दारातच मध्यस्थ गाठ घालतात व भरपाईच्या निम्म्या वा तिसऱ्या हिश्शाच्या बोलीवर कागद ताब्यात घेतात. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून वकिली करण्यास वकील परिषदेच्या नियमांनीच मनाई केली आहे. मूळ कागद कोणाच्याही स्वाधीन करू नयेत, प्रती द्याव्यात. कोऱ्या कागदावर व कोऱ्या धनादेशावर सही करू नये.

लोकअदालतीत अनेक मोटार अपघात दावे तडजोडीने मिटतात. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. यासाठीच तडजोडीची रक्कम वर दिलेल्या गणिताशी ताडून पाहिल्याशिवाय संमती देऊ नये. अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवविते. ती नातेवाइकांनी मागण्याची घाई करू नये.

जोडीच्या योजना

शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्ता खात्यातून वळता होत असल्यास अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. मृताचे पासबुक तपासल्यास हे कळते. शाळकरी विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची सानुग्रह अनुदान योजना असून तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मृताने स्वतः उतरविलेल्या जीवन विम्याची रक्कम अपघात दाव्यातून वजा करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला असून त्या खटल्यात महाराष्ट्राचे राज्य मार्ग परिवहन महामंडळच पक्षकार होते.

गावाची जबाबदारी

वरील विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. या संपूर्ण व्यवस्थेतील अखेरचा दुवा गावातच आहे. वयाचा दाखला शाळेत असतो. तो त्याच दिवशी देणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. मृत्यूची नोंद, रहिवास व कुटुंबातील व्यक्तींचा दाखला ग्रामपंचायतीत असतो. वारसांची माहिती महसूल कर्मचाऱ्यास असते. अपघाताची पहिली वार्ता पोलीस पाटलास कळते. या चौघांनी मिळून अपघातानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात त्या घरी एकदा जाऊन कागदांची पिशवी तपासावी. खबरीची प्रत, रुग्णालयाचे कागद, वाहनाचा क्रमांक, उत्पन्नाचा पुरावा व वयाचा दाखला आहे किंवा नाही ते पाहावे आणि तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज लिहून द्यावा. ग्रामसभेच्या फलकावर १०८, ११२ व १५१०० हे तीन क्रमांक आणि 'सहा महिने' हे दोन शब्द लिहिलेले असावेत.

शोकात असलेले कुटुंब कायद्याची पुस्तके उघडीत नाही. दिवस कार्यात जातात, पुढे रोवणी येते, हंगाम येतो आणि मुदत निघून जाते. मग मोठा मुलगा शाळा सोडून त्याच रस्त्यावरच्या एखाद्या ट्रकवर मदतनीस म्हणून कामास लागतो. हे टाळणे शक्य आहे. कायद्याने दिलेली रक्कम कोणाचे गेलेले माणूस परत आणीत नाही. परंतु त्याच्या पश्चात चूल पेटती राहावी व मुले शाळेत राहावीत, एवढी व्यवस्था तिने निश्चित होते. ती त्या घरापर्यंत पोहोचविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.